कष्टाच्या गुडघ्यांना व्यायाम सांगताना

आशावादी: "गुडघ्यातली गादी संपली" हे वाक्य डॉक्टरांनी, औषध दुकानदारांनी आणि शेजारपाजाऱ्यांनी बोलायचंच थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. ते ऐकलं की माणूस त्याच दिवसापासून जपून चालायला लागतो. जिना टाळतो, बाजाराला मुलाला पाठवतो, इथे मालेगावात मोसम पुलापर्यंत जायलाही रिक्षा करतो. काही महिन्यांत मांडीचे स्नायू बारीक होतात, वजन वाढतं आणि आधी थोडा दुखणारा गुडघा खरोखरच जास्त दुखू लागतो. मग सगळे म्हणतात, बघा, झीज वाढली. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, तीच ही गादी. त्यात रक्तवाहिन्या नसतात, वेदना सांगणाऱ्या नसाही नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि भार पडला, सुटला, पुन्हा पडला की तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. शिवाय ज्याला झीज म्हणतात त्या ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये एकटी कूर्चा बिघडत नाही. खालचं हाड बदलतं, कडेला हाडाचे काटे वाढतात, आतल्या अस्तराला सूज येते, स्नायू दुबळे पडतात. सांधा स्वतःला सावरायचा प्रयत्न करत असतो आणि तो पुरा पडत नाही. दुखतं ते हाड, अस्तर आणि आजूबाजूचे अस्थिबंध. म्हणून एक्स-रेत गुडघा पार बिघडलेला दिसणारी बाई शेतात चालत जाते आणि एक्स-रे बरा असलेली बाई रात्रभर कण्हते. ज्याला आपण संपलेला सांधा म्हणतो तो जिवंत आहे. त्याला बळ देता येतं.

साशंक: ताई, शरीरशास्त्र मला मान्य आहे. पण एक्स-रेचं नाव काढलंत तर त्याची पुढची गोष्टही सांगतो. आज कुठल्याही रिपोर्टवर "ग्रेड टू", "ग्रेड थ्री" लिहिलेलं असतं. ती 0 ते 4 ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी 1957 साली मांडली. ही माणसं कुणाचे सांधे तपासत होती? लँकेशायरकडच्या कोळसा खाणीतल्या कामगारांचे. पुढे 1961 मध्ये लॉरेन्सने सूतगिरणीतल्या कामगारांच्या सांधेदुखीवर स्वतंत्र निबंध लिहिला. नंतर 1978 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका लोकरी कापडाच्या गिरणीतल्या बायकांचे हात तपासले गेले. वर्षानुवर्षं त्या एकेकच काम करत आलेल्या होत्या. कुणी कापडातल्या गाठी चिमटीने काढायच्या, कुणी धागा गुंडाळायच्या, कुणी सूत काढायच्या. ज्या हाताचं जे काम, त्याच हाताच्या त्याच सांध्यांत बदल सापडले. चिमटीने काम करणाऱ्यांची बोटं, मनगट फिरवणाऱ्यांचं मनगट. एक्स-रे पाहून त्या बाईने आयुष्यभर काय काम केलं याचा अंदाज बांधावा, इतकी ती खूण स्पष्ट होती. आता हे मालेगावात आणून बघा. इथे लाखांवर यंत्रमाग आहेत. माणूस बारा तासांची पाळी सिमेंटच्या फरशीवर उभ्याने काढतो. ताणा तुटला की वाकतो, जोडतो, कांडी बदलतो, दुसऱ्या मागाकडे धावतो. घराघरांत बायका कांड्या भरतात. अशा माणसाला तुम्ही सांगणार की चालणं हे सांध्याचं जेवण आहे? त्याचा सांधा रोज ओकारी येईस्तोवर जेवतो आहे.

आशावादी: कामाचा वाटा मी कधीच नाकारला नाही. पण पुरावा नेमका कशाचा आहे, तेही बघू. गुडघे टेकून काम, उकिडवं बसून काम, ओझं उचलून काम यांचा संबंध पक्का आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात, ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणं आणि ओझं उचलणं होतं, त्यांच्यात पुढे गुडघ्याचा हा आजार जवळपास दुपटीने आढळला. बीजिंगमध्ये ज्या बायका तरुणपणी रोज तासन्तास उकिडव्या बसायच्या, त्यांच्यातही गुडघ्याचा धोका जास्त दिसला. नुसतं उभं राहण्याचा पुरावा मात्र इतका भक्कम नाही. शिवाय एक गोष्ट तुमच्या मांडणीत येत नाही. बारा तास उभं राहणाऱ्याच्या मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो, हा समज खोटा आहे. तो थकतो, वाढत नाही. स्नायू वाढायला भार हळूहळू चढवावा लागतो आणि मध्ये विसावा द्यावा लागतो. मागावरच्या हालचालीत चढ नाही, विसावा नाही, बदल नाही. म्हणून कामावर इतकी हालचाल होत असली तरी मी त्याला वेगळी हालचाल सांगते. पाठ टेकायच्या खुर्चीवरून हात न लावता उठणं आणि हळू बसणं. आडवं पडून पाय सरळ ठेवून उचलणं. कट्ट्याच्या एका पायरीवर चढणं-उतरणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर आठवड्याला थोडं वाढवत. व्यायामानंतर दुखलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते पूर्ववत झालं तर चालू ठेवायचं; नाही झालं तर एक पायरी मागे यायचं. डेन्मार्कमध्ये 2013 पासून अशाच पद्धतीचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम चालतो, माहितीच्या दोन बैठका आणि व्यायामाची बारा सत्रं. त्याला लागतो एक शिकवणारा आणि एक खोली. मालेगावात या दोन्ही गोष्टी आहेत.

साशंक: आणि त्या डॅनिश कार्यक्रमाचीच पुढे परीक्षा झाली, ती सांगाल का? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 206 रुग्ण होते. अर्ध्यांना तुमचा व्यायाम आणि माहिती, अर्ध्यांना गुडघ्यात मिठाच्या पाण्याची इंजेक्शनं. औषध काहीच नाही, नुसतं सलाइन. नऊ आठवड्यांनी दोन्हीकडचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. मी हे व्यायामाला खोडून काढायला सांगत नाही. पण तुम्ही ज्या ठामपणे व्यायामाला औषध म्हणता, तेवढा ठामपणा पुराव्यात नाही. आणि मग तो ठामपणा नुकसान करतो. बारा तासांची पाळी संपवून घरी आलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात, व्यायाम करत नाही म्हणून दुखतं. आजाराचा दोष त्याच्या आळसावर गेला. त्याच्या आयुष्यात आळसाला जागा तरी कुठे आहे? आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, त्यात नमाज, बाजार, लग्नकार्य, घरचं पाणी भरणं. वाया घालवायला मोकळी संध्याकाळ ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठीच ही सगळी उपाययोजना लिहिलेली आहे असं वाटतं.

आशावादी: ती चाचणी मला खटकते, हे कबूल आहे. पण तिच्यातून मी वेगळा अर्थ काढते. मिठाच्या पाण्यानेही दुखणं उतरलं, याचा अर्थ या आजारातली वेदना वर-खाली होत असते. कुणीतरी नीट तपासलं, हात लावला, वेळ दिला, की ती उतरते. ती वेदना खोटी आहे असा याचा अर्थ नाही. मेंदू, भीती, झोप, सगळ्यांचा तिच्यात वाटा आहे, इतकंच. मग दोन्ही उपायांनी सारखंच बरं वाटत असेल तर मी व्यायाम निवडेन. गुडघा दुखणारी माणसं हळूहळू घरात बसतात, रक्तदाब आणि साखर वाढते आणि हृदयविकाराने जातात. व्यायाम त्या वाटेवरही अडवतो, सलाइन अडवत नाही. वजनाचंही तेच. वजन 1 किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो. फ्रेमिंगहॅमच्याच बायकांमध्ये दहा वर्षांत सुमारे 5 किलो वजन उतरलेल्यांना गुडघेदुखीचा धोका जवळपास निम्मा राहिला. हे आकडे मी रोज सांगते, कारण माणसाच्या हातात असलेली गोष्ट त्याला सांगितलीच पाहिजे. तुम्ही म्हणता त्यात दोष देणं येतं. न सांगण्यातही दोष आहे, तो जास्त मोठा. कारण न सांगितलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे पुडी येते.

साशंक: पुडीबद्दल आपलं एकमत आहे. आठवडे बाजारात, कधी कुणा ओळखीच्याच्या हाताने मिळणारी ती नाव नसलेली पुडी. दोन दिवसांत गुडघा हलका होतो, म्हणून माणूस महिनोन्महिने घेतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक सापडल्याची उदाहरणं देशभर नोंदवली गेली आहेत. चेहरा फुगतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि एकदम सोडली तर माणूस कोसळतो. पण ती पुडी का घेतली जाते? उद्या सकाळी सातला पाळीवर उभं राहायचं असतं म्हणून. मजुरी कापडावर ठरते. एक दिवस बसला की एक दिवसाचं कापड गेलं. सहा आठवड्यांनी गुण देणारा उपाय आणि दोन दिवसांत गुण देणारा उपाय समोर ठेवले, तर तो काय उचलणार हे त्याच्या अज्ञानावर ठरत नाही, त्याच्या उधारीवर ठरतं.

आशावादी: मग पाळीवर उभं राहता येईल असे सुरक्षित उपायही आहेत, ते त्याला माहीत हवेत. गुडघ्यावर आणि बोटांवर चोळायचं दाहशामक जेल दिवसातून तीन-चार वेळा नीट चोळलं तर खरोखर उपयोगी पडतं, आणि गोळीइतकं पोटाला, मूत्रपिंडाला लागत नाही. गोळी घ्यायचीच तर कमीत कमी दिवस, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. उलट ज्यांच्यावर माणसं खूप पैसे घालतात ती औषधं बघा. ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिनची 2006 मध्ये 1,583 रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. एकंदरीत ती साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. गुडघ्यात दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन वर्षं दिलं, तेव्हा दुखणं सलाइनपेक्षा जास्त कमी झालं नाही, आणि कूर्चा मात्र जास्त कमी झाली. दुर्बिणीने गुडघा धुऊन साफ करायची शस्त्रक्रिया एके काळी धडाक्याने व्हायची. ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर तिची चाचणी झाली. काहींना फक्त कातडीवर छेद देऊन शस्त्रक्रियेचा आभास केला. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम नव्हता. हा निकाल 2002 मध्ये आला. तरी झिजलेल्या गुडघ्याला "आत धुऊन घेऊ" असं सांगणारे आजही भेटतात.

साशंक: आयुर्वेदाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. आपल्या भागात निम्मे लोक आधी वैद्याकडे जातात आणि संधिगत वाताचं तेल, काढा, गुग्गुळ घेतात. त्याला तुम्ही पुडीच्या रांगेत बसवता का?

आशावादी: अजिबात नाही. उलट या विषयात महाराष्ट्राने काम केलेलं आहे, त्याचा अभिमान वाटावा. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. आपल्याकडे खेड्यातली सांधेदुखी मोजायचं इतकं पद्धतशीर काम त्याआधी झालेलं नव्हतं. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्क्यांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं निघालं आणि त्यात ऑस्टिओआर्थरायटिसचा वाटा मोठा होता. त्यांच्याच गटाने पुढे गुडघ्याच्या 440 रुग्णांवर सुंठ, गुळवेल, शल्लकी, आवळा अशा घटकांची आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी ताडून बघितली. कोण काय घेतं आहे हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नव्हतं. चोवीस आठवड्यांनी आराम जवळपास सारखा निघाला. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि त्याच अहवालात हेही लिहिलं की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात यकृताचं एक प्रमाण वाढलं होतं, त्रास काही नव्हता तरी. मला हेच हवं आहे. वैद्यानेही मोजावं, डॉक्टरनेही मोजावं, आणि वाईट आलं तेही छापावं. तेल चोळून बरं वाटत असेल तर जरूर चोळा. ज्याच्यावर नाव नाही, घटक नाही, ती पुडी मात्र नको.

साशंक: मोजायचंच म्हणता तर एक मोजमाप मला सांगायचं आहे. जर्मनीने 2009 मध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसला व्यावसायिक आजारांच्या यादीत घेतलं. अट अशी, की कामाच्या आयुष्यात गुडघे टेकून किंवा तशाच ताणात एकूण 13,000 तास गेलेले असावेत आणि दर पाळीत किमान एक तास. तो हिशेब आपल्या मालेगावच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यात लावून बघा. उन्हाळ कांद्याची लागवड, निंदणी, काढणी, पात कापणं, चाळीत भरणं, आणि मधल्या दिवसांत डाळिंबाच्या बागेतलं काम. समजा एखादी बाई दिवसाला सहा तास उकिडवी किंवा गुडघ्यांवर आहे आणि वर्षातून असे 150 दिवस भरतात. वर्षाचे 900 तास झाले. साडेचौदा वर्षांत 13,000 पूर्ण. पंधराव्या वर्षापासून शेतात जाणारी मुलगी तिशीच्या आत जर्मनीतल्या त्या मर्यादेला पोचते. त्यात घरची चूल, धुणं, फरशी पुसणं धरलेलं नाही. आपल्याकडे 2025 पर्यंत 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. कापसाच्या धुळीने फुप्फुस गेलं तर ते त्या यादीत होतं. गुडघा नव्हता. आणि कांदा लावणाऱ्या बाईला मालक कोण? आज या शेतात, उद्या त्या शेतात. मागवाल्याचीही गत तीच, अर्ध्यांच्या नावाची नोंद कुठे नसते. आजार कामाने दिला, उपचार मात्र वैयक्तिक शिस्तीचा. हा हिशेब मला पटत नाही.

आशावादी: तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी यापूर्वी इतक्या सरळ कधी मांडला नाही. पण तुमच्या मांडणीतून एक धोका निघतो. "माझा गुडघा कामाने गेला" असं ज्याला पटलं, तो म्हणतो, आता काम सुटेपर्यंत काही होणार नाही. काम तर सुटत नाही. मग तो वाट बघत बसतो. मला त्या बाईला कायदा बदलेपर्यंत थांबवायचं नाही. कांद्याच्या वाफ्यात ती बुटक्या पाटावर किंवा चार बोटं उंच फळीवर बसली तर गुडघा पूर्ण दुमडत नाही. अर्ध्या तासाने उठून दहा पावलं टाकली तर सांध्यातला दाब बदलतो. घरी शौचालयावर कमोडची खुर्ची ठेवली तर रोजचं दोन-चार वेळचं पूर्ण वाकणं वाचतं. धुणं ओट्यावर आणता येतं. खुर्चीवर बसून नमाज पढायला धर्मात मुभा आहे, आणि मशिदींमध्ये मागे खुर्च्या दिसू लागल्या आहेत. पण बरेच पुरुष तिथे बसायला लाजतात. खुर्ची म्हणजे म्हातारपण असं त्यांना वाटतं. देवळात, पंगतीत, हीच लाज बायकांची. ही लाज घालवणं मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि एक खबरदारी. प्रत्येक सांधेदुखी ही हीच नसते. सकाळी उठल्यावर ताठरपणा तास-तास टिकत असेल, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन उतरत असेल तर तो आमवात किंवा दुसरा आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी आणि त्यात उशीर महागात पडतो. चाळिशीच्या बाईला "वय झालं" म्हणून परत पाठवणं हा मोठा गुन्हा आहे.

साशंक: आणि शेवटी शस्त्रक्रिया. तिच्याबद्दल लोकांच्या मनात दोनच चित्रं आहेत. एक, अटलबिहारी वाजपेयींचं. पंतप्रधान असताना 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला, 2001 मध्ये उजवा, आणि न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले. त्या बातम्यांनी गुडघेबदल हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. दुसरं चित्र शेजारच्या काकूंचं, ज्या शस्त्रक्रियेनंतर कधी नीट चालल्याच नाहीत. माझा प्रश्न या दोन्हींच्या मधला आहे. उकिडवं बसायला गुडघा दीडशे अंशांच्या आसपास वळावा लागतो. बदललेला गुडघा साधारण 110-120 अंशांपर्यंत जातो. म्हणजे ज्या कामासाठी त्या बाईला गुडघा हवा आहे, ते काम बदललेला गुडघा करू देत नाही. ज्यांना खुर्चीत बसून काम करायचं आहे त्यांना तो उत्तम. कांदे काढणारीचं काय?

आशावादी: तिला रात्रीची झोप मिळते. तुम्ही ही गोष्ट लहान समजू नका. गुडघ्याच्या शेवटच्या अवस्थेत माणूस कूस बदलताना जागा होतो, वर्षानुवर्षं. त्याला चांगल्या हातून झालेला गुडघेबदल नवं आयुष्य देतो. बदललेल्या दहांपैकी आठ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही टिकलेले असतात, असं परदेशांतल्या मोठ्या नोंदींवरून दिसतं. 2015 च्या एका डॅनिश चाचणीत शस्त्रक्रियेला पात्र असलेल्या शंभर रुग्णांपैकी अर्ध्यांना व्यायाम-आहार-औषध आणि अर्ध्यांना त्यासोबत शस्त्रक्रिया दिली. वर्षाने शस्त्रक्रियावाले स्पष्टपणे जास्त बरे होते. पण दुसऱ्या गटातल्या साधारण चौघांपैकी तिघांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया मागितलीच नाही. म्हणून मी म्हणते, आधी तीन महिने मनापासून बाकीचं करा, मग ठरवा. खर्चाचं म्हणाल तर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये सांध्याच्या कृत्रिम भागांवर किमतीची मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा, जो दीड लाखाच्या पुढे छापलेल्या किमतीला विकला जायचा, तो कर वगळून 54,720 रुपयांवर आला. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं संरक्षणही कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं. यादीत कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, ते आधी आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

साशंक: धातू स्वस्त झाला, बाकीचा खर्च झाला नाही. शंभर किलोमीटरवर नाशिक, नाहीतर धुळे. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, नंतरचे दीड-दोन महिने, आणि फिजिओथेरपी, जिच्याशिवाय बदललेला गुडघा ताठ राहतो आणि जिचे पैसे बहुतेक वेळा कुणीच देत नाही. शेजारच्या काकूंचं चित्र बऱ्याचदा इथेच तयार होतं. शस्त्रक्रिया बरी झालेली असते, नंतर वाकवणारं कुणी नसतं. पण माझी खरी अडचण वयाची आहे. ब्रिटनमधल्या नोंदींवरून काढलेला एक आकडा आहे. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे 5 टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. आता समोर पन्नास वर्षांचा विणकर उभा करा. चाळीस वर्षं मागावर आहे. एक्स-रे खराब, रात्री झोप नाही. शस्त्रक्रियेला डॉक्टर म्हणतात, अजून दहा वर्षं काढा. व्यायामाला त्याच्याकडे तास नाही. पुडी तुम्ही बंद केलीत, आणि बरोबर केलंत. दुसरं काम त्याला येत नाही. त्याच्या त्या दहा वर्षांचं तुम्ही काय करता?

आशावादी: मी त्याला पाळीच्या मध्ये दोन मागांमध्ये एक उंच स्टूल मागायला सांगेन, ज्यावर टेकून उभं राहता येईल. पायाखाली जाड रबराची चटई. दोन पाळ्यांऐवजी आठ-आठ तासांच्या तीन. जेल, पायाच्या आकाराचे बूट, सहा आठवडे माझ्याकडे शुक्रवारी अर्धा तास. आणि गुडघ्याचा रिपोर्ट करताना त्यावर लिहून ठेवेन की हा माणूस किती वर्षं, दिवसाला किती तास, कोणत्या कामात उभा आहे. आज कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नसतं. वय, वजन, साखर लिहितात, काम लिहीत नाहीत. शंभर लोकांचं लिहिलं तर तुमच्या यादीच्या मागणीला काहीतरी आधार तयार होईल.

साशंक: स्टूलची मागणी केली तर मालक म्हणेल, बसायचं असेल तर घरी बस. तीन पाळ्या केल्या तर प्रत्येकाची मजुरी एक तृतीयांशाने घटेल, आणि कारखानदाराचा नफाही इतका नाही की तो भरून देईल. विजेचं बिल, सुताचा भाव, कापडाला उठाव नाही, हे मीही रोज ऐकतो. आणि तुमच्या त्या नोंदीची मला भीती वाटते. ज्याच्या रिपोर्टवर "चाळीस वर्षं मागावर, ग्रेड फोर" असं लिहिलं आहे, त्याला दुसऱ्या दिवशी कुणी पाळीवर घेईल का?

आशावादी: म्हणून रिपोर्ट त्याच्याच हातात राहिला पाहिजे, नाव काढून आकडा वेगळा ठेवला पाहिजे. ते करता येतं.

साशंक: मजुरीचं काय करता येतं?

आशावादी: ते मला एकटीला सोडवता येणार नाही. पण मालक, कामगार आणि डॉक्टर या तिघांना एका टेबलावर बसवून "पाळीत टेकायला जागा" एवढी एकच मागणी ठेवली, तर ती किती रुपयांची पडते हे तरी आधी काढू. तुम्ही मागवाल्यांच्या बाजूने या. आकडा आपल्या दोघांपैकी कुणाच्याच बाजूने लागला नाही, तर मग पुन्हा भांडू.